मदत हवी आहे: संस्थेच्या कार्यकर्त्यांसाठी दोन दिवसांचं प्रकल्प-नियोजन शिबिर

नमस्कार. तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेला सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून, पाच गावांतल्या पाझर तलावांचा गाळ काढायचं काम मिळालंय. चौदा कार्यकर्ते आहेत. गावात वट आहे, पण वेळापत्रक आणि हिशेब म्हटलं की गाडं अडतं. नेतृत्वावरची भाषणं नकोत. शिबिरात नेमकं काय घ्यावं?

पाणकावळा:
प्रोजेक्टर आणूच नका. भिंतीवर बारा महिन्यांच्या पट्ट्या लावा, एका चिठ्ठीवर एकच काम लिहायला सांगा आणि शेवटाकडून मागे या. जूनमध्ये पाऊस, म्हणजे यंत्र मेअखेर बाहेर. तलाव आटणार मार्चमध्ये. खोदाईला उरले एप्रिल-मे. ग्रामसभेचा ठराव १ मेवर गेला तर हंगाम बुडालाच, म्हणून २६ जानेवारीची सभा धरा आणि कोरमअभावी, म्हणजे पुरेसे लोक न आल्याने, ती तहकूब होईल हेही गृहीत धरा.

मग गणित द्या. समजा दर तलावात ६,००० घनमीटर गाळ आहे आणि पोकलेन तासाला ६० घनमीटर काढतो. आठ तासांचे ४८०, म्हणजे गावाला साडेबारा दिवस आणि पाच गावांना त्रेसष्ट. हातात आहेत एकसष्ट, त्यात यंत्र हलवणं आणि बिघाड धरलेलेच नाहीत. दुसरं यंत्र लागणार हे त्यांचं त्यांना सापडू द्या, तुम्ही सांगू नका.

प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, काम झाल्याचा पुरावा आणि जबाबदार माणसाचं एकच नाव. ‘सगळे मिळून’ लिहिलेलं काम कुणीच करत नाही.

धागाकर्ता:
मग नेतृत्व हा विषय वगळायचा का?

हिशेबनीस:
वगळू नका, दुसऱ्या दिवशी निर्णयाच्या अंगाने घ्या. गावपातळीवर किती खर्च परस्पर करता येईल, यंत्र कोण थांबवू शकतो, सरपंचांच्या भावकीने गाळ आधी मागितला तर कोण बोलणार? हे प्रसंग वठवून घ्या आणि ठरलेलं तिथेच कागदावर उतरवा.

दोन गोष्टी घोटून घ्या. एक, खोदाईआधीची मोजणी आणि स्थळनोंद असलेले फोटो. ते राहिलं तर किती गाळ निघाला हे नंतर सिद्ध करता येत नाही. ट्रॉलीच्या फेऱ्या मोजून भागत नाही, कारण ट्रॉल्या लहानमोठ्या असतात. दोन, यंत्रमालक रोख मागतो. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांवर रोख दिली तर तो खर्च आयकराच्या हिशेबात अडचणीत येतो.

पाणकावळा:
आणि दीड महिन्याने अर्धा दिवस परत बोलवा, त्याच चिठ्ठ्या घेऊन. सरकलेल्या तारखांवरच बोला.