आठवीतल्या मुलीसाठी एनएमएमएस शिष्यवृत्ती – कोणाला माहिती आहे का?

सुनंदा_के
नमस्कार, माझी मुलगी अनुदानित शाळेत आठवीला आहे, अभ्यासात चांगली आहे. मिस्टर रिक्षा चालवतात, मी शिवणकाम करते. आत्तापर्यंत पुस्तकं शाळेतनंच मिळायची म्हणून कसंतरी निभावलं पण नववीपासून सगळं आपल्यालाच बघावं लागणार. सरांनी एनएमएमएसचं सांगितलंय, त्यात नक्की किती मिळतात आणि काय काय लागतं? धाकटा पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, त्याच्यासाठी पण काही असेल तर प्लीज सांगा.

गुरुजी_८वी_ब
ताई नक्की बसवा तिला, हुशार पण घरची परिस्थिती बेताची असलेल्या आठवीतल्या मुलांसाठी केंद्र सरकारची परीक्षा आहे ही. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी चारही वर्षं. घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, त्याला तहसीलचा दाखला काढून ठेवा, आणि सातवीत ५५ टक्के पाहिजेत, एससी एसटीला ५ टक्के सूट आहे. फॉर्म शाळेच्या लॉगिनवरूनच भरतात त्यामुळे मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेवा. पेपर दोन, ९०-९० मार्कांचे. शालेय विषयांचा पेपर मुलं सोडवतात हो, अडतात ती बुद्धिमत्तेच्या पेपरला, कारण संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आकृत्या हे वर्गात कोणी शिकवतच नाही. रोज अर्धा तास जुने पेपर घड्याळ लावून सोडवू दे, क्लासची गरज नाही.

राहुल_दादा
सरांनी सगळं सांगितलंच आहे पण बँकेचं बघा आधी. माझ्या भाचीचं नाव यादीत लागलं तरी पैसे येईनात, पासबुकवाल्या खात्याला आधार लिंक आहे म्हणायचे पण डीबीटीचं (सरकारी पैसे थेट खात्यात येतात त्याचं) सीडिंग, म्हणजे आधारवरून पैसे कुठल्या खात्यात जायचे ती नोंद, दुसऱ्याच जुन्या खात्याला होतं आणि पैसे तिकडे जात होते. म्हणून बँकेत नुसतं "लिंक" नाही, "डीबीटीसाठी सीडिंग" झालंय का असं विचारा. आणि दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर रिन्यूअल करावं लागतं, ते राहिलं की त्या वर्षीचे पैसे गेले. दहावीला ६० टक्के लागतात अकरावीत चालू राहायला, एससी एसटीला ५५.

मीनल_पालक
धाकट्यासाठी आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातला प्रवेश बघा, खासगी शाळेत २५ टक्के जागा असतात, आठवीपर्यंत फी नाही. ऑनलाइन फॉर्म, मग लॉटरी. आर्थिक दुर्बल घटकातून भरलं तर उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं, रिक्षा आणि शिवणकाम धरून तुमचं वर जाईल बहुतेक. पण एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) यांना उत्पन्नाची अटच नाही, हे खूप जणांना माहितीच नसतं आणि फॉर्म न भरता गप्प बसतात त्याचं फार वाईट वाटतं.

सुनंदा_के
खूप खूप आभार सगळ्यांचे. आम्ही ओबीसी आहोत पण जातीचा दाखला मिस्टरांच्या नावाचा आहे, मुलाचा काढलेला नाही, चालेल का?

मीनल_पालक
हो ताई, वडिलांचा चालतो. राहत्या पत्त्याचा पुरावा आणि मुलाचा जन्मदाखला पण काढून ठेवा.