गोव्याच्या ‘रिबैरा’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

जुन्या गोव्यावरचा एक पोर्तुगीज मजकूर मराठीत आणते आहे आणि आठ दिवस एकाच शब्दाशी अडले आहे. मांडवीच्या काठी, व्हाइसरॉयच्या कमानीच्या पश्चिमेला पोर्तुगीजांचा मोठा ‘आर्सेनल’ होता. त्यालाच ‘रिबैरा ग्रांदी’ असंही म्हणत. कोशात आर्सेनल म्हणजे शस्त्रागार. पण मजकुरात पुढच्याच ओळीत सुतार आहेत, लोहार आहेत, दोरखंडांच्या राशी आहेत, अर्धी बांधलेली जहाजं आहेत. शस्त्रागारात जहाज कसं बांधतील? एका मैत्रिणीने ‘नौदल आगार’ सुचवलं, तेही मनाला पटत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

आगार नको. आगार म्हटलं की आपल्याला एसटीच आठवते. आणि कोकण-गोव्यात तर आगर म्हणजे नारळी-पोफळीचं, नाहीतर मिठाचं. काना वाचताना निसटला की नदीकाठचं मिठागरच डोळ्यांसमोर येईल. सरळ ‘गोदी’ लिहा. माझगावची गोदी सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रतिसाद

ताई, तुमची शंका रास्त आहे. शस्त्रागार इथे चूकच आहे, आणि ही चूक मराठीत इतकी रुळली आहे की ती दिसली की मला स्वस्थ बसवत नाही.

आर्सेनल हा शब्द मुळात अरबी. ‘दार अस्-सिनाआ’, म्हणजे कारागिरीचं घर. तो व्हेनिसला गेला, तिथे जहाजं बांधायच्या प्रचंड आवाराचं नाव झाला आणि तिथून युरोपभर पसरला. हत्यारांचं कोठार हा अर्थ नंतर त्याला चिकटला. ‘रिबैरा’चा साधा अर्थ नदीकाठ. लिस्बनला राजवाड्याच्या शेजारी काठावर जहाजं बांधत, ती जागा ‘रिबैरा दश नाउश’, म्हणजे जहाजांचा काठ. तेच नाव पोर्तुगीजांनी मांडवीवर आणलं. मात्र जागा त्यांची नव्हे. १५१०मध्ये आल्बुकेर्कने गोवं घेतलं तेव्हा आदिलशाहीची जहाजं इथे बांधली जात होती. पोर्तुगीजांना चालतं काम मिळालं, कसबी हात मिळाले, आणि त्यांनी ते वाढवलं.

१६०८ ते १६१०च्या दरम्यान पिरार द लाव्हाल हा फ्रेंच माणूस गोव्यात होता. त्याने या आवाराचं वर्णन करून ठेवलं आहे. त्यात जहाजबांधणी आहे, तोफांचं ओतकाम आहे, लोहार-सुतारांचे अड्डे आहेत. जहाज बांधायचं, ओढून दुरुस्त करायचं, त्यावर डोलकाठी, शिडं, दोर, तोफा, दारू असा सगळा साज चढवायचा आणि उरलेला माल कोठारात ठेवायचा, हे सगळं एका कुंपणात. ‘गोदी’ म्हटलं की जहाज लागण्याची आणि बांधण्याची जागा कळते. ओतशाळा आणि कोठारं तिच्यात बसत नाहीत.

माझ्या मते शब्द आपल्या घरातच आहे: आरमाराचा कारखाना. शिवकालीन ‘अठरा कारखाने’ आठवा. तोफखाना, दारूखाना, शिलेखाना, जिन्नसखाना. तिथे कारखाना म्हणजे सरकारी माल जिथे तयार होतो, सांभाळला जातो आणि हिशेबाने दिला जातो ते खातं. फारसी ‘कारखाना’ म्हणजे कामाचं घर आणि अरबी ‘दार अस्-सिनाआ’ म्हणजे कारागिरीचं घर. एकच कल्पना दोन वाटांनी आपल्याकडे आली. मुंबईच्या दारूखान्याला आजही तेच नाव आहे, आणि तिथली दारू म्हणजे बंदुकीची दारू.

गंमत अशी की ‘आरमार’ आपण पोर्तुगीजांच्या ‘आर्मादा’वरून घेतला आणि इतका आपला केला की रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात त्यावर अख्खं प्रकरण आहे. ‘आरमार म्हणजे स्वतंत्र एक राज्यांगच आहे’ हे वाक्य तिथलंच. त्याच प्रकरणात पावसाळ्यात आरमार किनाऱ्याला घेण्याला ‘छावणी’ म्हटलं आहे. तुमच्या मजकुरात पावसाळ्याचा उल्लेख आला तर हा शब्द जरूर वापरा.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला जोडून. लाकडाबद्दलही लिहाल तर बरं. गोव्यात सागवानात बांधलेलं ‘सिंको शागश’ हे जहाज १५६०च्या सुमाराचं. ते पंचवीस वर्षं लिस्बनच्या वाटेवर चाललं, तर युरोपी लाकडाची कितीतरी जहाजं चार-पाच फेऱ्यांत संपत.

आणि एक मराठी धागा. पोर्तुगीज नौदलाची शेवटची शिडाची युद्धनौका ‘दों फर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया’ १८४३मध्ये दमणला पाण्यात उतरली. तिचा साग नगर हवेलीचा. ती नगर हवेली पोर्तुगीजांना पेशव्यांकडून मिळालेली, कारण मराठी आरमाराने १७७२मध्ये त्यांची ‘सांताना’ पकडली होती आणि त्याची भरपाई द्यायची होती. साज चढवायला ती नौका गोव्याला आणली आणि १८४५मध्ये लिस्बनला गेली. आज ती लिस्बनसमोर कासिल्यासला उभी आहे.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, ‘कारखाना’ ऐकून मन हललं. एकच भीती वाटते, आजचा वाचक साखर कारखाना समजेल. आणि ‘कालाफाती’ या शब्दाला काय करू?

प्रतिसाद

नुसता कारखाना लिहिलात तर साखरच आठवेल. पण मागे ‘आरमाराचा’ लागला की प्रश्न मिटतो. पहिल्या ठिकाणी ‘आरमाराचा कारखाना’ लिहा, पुढे ‘रिबैरा’च ठेवा. गोवेकरांना नाव परकं नाही.

कालाफाती म्हणजे फळ्यांच्या फटी बुजवणारा. हाच शब्द खलाशांच्या हिंदुस्थानी बोलीत ‘कालापत्ती’ होऊन राहिला. लहानपणी आमच्या खाडीवर मचवा उलटा घातलेला असे. म्हातारा सुतार फटीत पिळलेला कापूस बोथट छिन्नीने ठोकत जाई. फट भरली की ठोक्याचा आवाज बदले, पोकळ टपटप जाऊन घट्ट ठक्क येई. मग वरून तेलात कालवलेली राळ. मांडवीच्या काठी अशी शेकडो माणसं एकाच वेळी ठोकत असतील, तर तो आवाज समोरच्या दिवाडीच्या बेटापर्यंत जात असणार.

मूळ प्रश्नकर्ती

वाक्य असं केलं आहे: ‘कमानीच्या पश्चिमेला, नदीला लागून आरमाराचा कारखाना होता. फटी बुजवणारे, दोर वळणारे, ओतारी आणि सुतार पहाटेच कामाला लागत.’

प्रतिसाद

उत्तम. फक्त ‘दोर वळणारे’ आणि ‘ओतारी’ यांच्यात ‘शिडं शिवणारे’ घाला. त्यांच्याशिवाय एकही जहाज निघालं नसतं.