मदत हवी आहे: दुबईत १३,५०० दिरहम पगारात कुटुंब आणावे का?

नमस्कार.

मी गेले चौदा महिने दुबईत एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर म्हणून नोकरी करतो. कार्यालय बिझनेस बे भागात आहे आणि करामा येथे एका खोलीत आम्ही तिघे राहतो. पत्नी आणि सात वर्षांची मुलगी पुण्यात आहेत. येथील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे येत्या एप्रिलमध्ये दोघींना इकडे आणावे असे आम्ही ठरवले आहे. मात्र कागदावर हिशेब मांडायला बसलो की तो काही केल्या जुळत नाही, म्हणून येथे अनेक वर्षे संसार केलेल्या मंडळींचा सल्ला हवा आहे.

माझा एकूण पगार १३,५०० दिरहम असून त्यातील मूळ वेतन ६,५०० आहे. कंपनी घर देत नाही आणि शाळेची फीही देत नाही. पुण्यातील सदनिकेचा हप्ता आणि आई-वडिलांची औषधे यांसाठी दरमहा ३,५०० दिरहम घरी पाठवावे लागतात आणि त्यात काटछाट करणे मला शक्य नाही. म्हणजे येथील संसारासाठी हातात राहतात १०,०००. कुटुंबाचा व्हिसा काढण्यासाठी ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, एवढे पुरेसे असते. त्यामुळे कायद्याची अडचण नाही, अडचण घर चालवण्याची आहे.

गेल्या शनिवारी अल नहदाच्या दुबईत येणाऱ्या भागात एक वन बीएचके पाहिला. वार्षिक भाडे ६६,००० दिरहम सांगितले, तेही चार चेकमध्ये. एजंटने माझ्यासमोर कोरा कागद घेतला, त्यावर चार तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि मग प्रत्येक रकमेपुढे बरोबरची खूण करत गेला: पहिला चेक १६,५००, पाच टक्के अनामत ३,३००, पाच टक्के दलाली ३,३००, दलालीवरचा व्हॅट १६५, जोडणीसाठी 'देवा' या दुबईच्या वीज-पाणी संस्थेकडे ठेवायची अनामत २,०००. किल्ली हातात येण्याआधीच हे सारे मिळून २५,२६५ दिरहम होतात आणि एजारीचे, म्हणजे भाडेकराराच्या सरकारी नोंदणीचे, शुल्क त्याहून वेगळे. माझी आजवरची शिल्लक ३१,००० आहे. दोघींचे व्हिसा, विमानाची तिकिटे, गादी, फ्रिज, शाळेच्या पहिल्या सत्राची फी, हे सर्व उरलेल्या पावणेसहा हजारांत बसणार नाही, हे मला तिथेच कळले. त्या रिकाम्या घरातून मी मुलीला व्हिडिओ कॉल केला होता. तिने मला खिडकीची रुंदी पावलांनी मोजायला लावली, कारण अभ्यासाचे टेबल तिला तिथेच ठेवायचे आहे. तेव्हापासून हा प्रश्न माझ्यासाठी नुसता आकड्यांचा राहिलेला नाही.

आता महिन्याचा हिशेब. भाड्याचा मासिक वाटा ५,५०० येतो. वार्षिक भाड्याच्या पाच टक्के घरपट्टी 'देवा'च्या बिलातूनच महिन्याला वसूल होते, तिचे २७५. वीज-पाणी ४५०, शाळेची फी महिन्यावर विभागून १,०००, शाळेची बस ४००, किराणा-भाजी-दूध १,५००, फोन आणि इंटरनेट ५००. मेट्रोचे भाडे विभागांनुसार ३, ५ किंवा ७.५ दिरहम असते. मी जास्तीत जास्त भाडे धरून रोजचे १५ आणि बावीस दिवसांचे ३३० लावले आहेत. एकूण बेरीज ९,९५५ होते, म्हणजे महिनाअखेरीस ४५ दिरहम शिल्लक राहतात. यात डॉक्टर नाही, कपडे नाहीत, वर्षातून एकदा गावी जाण्याचे तिकीटही नाही.

सहकारी शारजाचा पर्याय सुचवतात. तिथे तशाच घराचे ४०,००० सांगितले गेले. भाड्यात महिन्याला सुमारे २,१६७ वाचतील आणि दुबईची घरपट्टी धरली तर २,४४२. परंतु मग जुनी गाडी घ्यावी लागेल. तिचा हप्ता ९०० आणि पेट्रोल ४५० धरले आहे. शिवाय जानेवारी २०२५ च्या अखेरीपासून गर्दीच्या वेळी सालिकचे, म्हणजे दुबईच्या रस्त्यांवरील टोलचे, प्रत्येक गेट ६ दिरहमचे झाले असल्याने, माझ्या मार्गातील दोन गेटांचे जाऊन-येऊन रोजचे २४ आणि महिन्याचे ५२८ होतात. मेट्रोचे ३३० वजा केले तरी खर्च १,५४८ ने वाढतो. म्हणजे प्रत्यक्ष बचत नऊशेच्या आतच राहते आणि त्यातून गाडीचा विमा, दुरुस्ती आणि पार्किंग निघायचे आहे.

मला मुख्यतः तीन गोष्टींबाबत मार्गदर्शन हवे आहे. या हिशेबात मी कोणता खर्च विसरलो आहे किंवा कमी धरला आहे? शारजा आणि दुबई यांपैकी लहान मूल असलेल्या कुटुंबाने पहिल्या वर्षी कुठे राहावे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एप्रिलमध्येच आणावे की थांबावे? पत्नी पुण्यात एका लेखापालांच्या कार्यालयात काम करते आणि इकडे येण्यासाठी तिला ती नोकरी सोडावी लागणार आहे, त्यामुळे निर्णय चुकला तर दोन्हीकडून नुकसान होईल.

— पाऊलवाट

प्रतिसाद: अबोली

आम्ही अकरा वर्षे येथे आहोत, त्यांपैकी पहिली चार शारजात काढली. तुमचा हिशेब प्रामाणिक आहे, पण तो महिन्याचा आहे आणि या शहरात पैसा महिन्याने जात नाही. भाडे तिमाहीला जाते, फी सत्राला जाते, तिकिटे जुलैमध्ये सर्वांत महाग असतात. म्हणून बारा महिन्यांचा तक्ता करा आणि प्रत्येक महिन्याखाली त्या महिन्यात खरोखर खात्यातून जाणारी रक्कम लिहा. ज्या महिन्यात भाड्याचा चेक आणि शाळेची फी एकत्र येतात, तिथे तुमचे ४५ दिरहम उणे बारा-तेरा हजार झालेले दिसतील. आमच्याकडे पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये नेमके हेच झाले आणि क्रेडिट कार्डावर काढलेली ती रक्कम फेडायला आम्हाला पुढचे दीड वर्ष लागले.

भाडे बारा चेकमध्ये घेणारे मालक आता मिळतात. ते वर्षाला दोन-तीन हजार जास्त मागतात, पण तुमच्या परिस्थितीत ते द्यावेत असे माझे मत आहे, कारण त्यामुळे पहिल्या दिवशी ११,००० दिरहम हातात राहतात. चेक देताना मात्र पूर्ण काळजी घ्या. २०२२ पासून खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेलेल्या चेकवर पूर्वीसारखा फौजदारी खटला सहसा होत नाही, परंतु तो चेक घेऊन मालक थेट वसुलीच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाऊ शकतो.

विसरलेला सर्वांत मोठा खर्च म्हणजे आरोग्य विमा. २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्यानुसार दुबईत विमा सक्तीचा आहे, पण कंपनीवर बंधन केवळ कर्मचाऱ्याच्या विम्याचे असते. पत्नीचा आणि मुलीचा विमा त्यांना प्रायोजित करणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, काढायचा असतो. एचआरकडे आजच लेखी विचारणा करा.

दुसरा खर्च चिलरचा. वीज ४५० धरली आहे, पण त्या इमारतीत एसी कसा चालतो ते तुम्ही लिहिलेले नाही. चिलर-फ्री इमारत असेल तर थंडाव्याचा खर्च भाड्यात आला. डिस्ट्रिक्ट कूलिंग, म्हणजे एका केंद्रातून अनेक इमारतींना पुरवला जाणारा थंडावा, असेल तर त्याचे वेगळे बिल येते आणि त्यात वापराच्या आकाराखेरीज क्षमतेचा ठरावीक आकारही असतो, जो तुम्ही महिनाभर गावी असलात तरी चुकत नाही. शारजातून दुबईत आल्यावर आम्ही चार हजारांनी स्वस्त म्हणून असे एक घर घेतले होते. पहिल्या ऑगस्टचे बिल आले तेव्हा मी एसी २६ वर ठेवून मुलांना घेऊन दुपारभर एकाच खोलीत बसू लागले. त्यामुळे घर पाहताना आधीच्या भाडेकरूचे ऑगस्टचे बिल दाखवा असे स्पष्ट सांगा. जो एजंट ते दाखवायला टाळाटाळ करेल, त्याचे घर घेऊ नका.

भाडेवाढीची भीती थोडी कमी करते. २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या आदेशानुसार दुबईत तुमचे भाडे त्या भागातील सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ करता येत नाही. ११ ते २० टक्के कमी असेल तर जास्तीत जास्त ५ टक्के, आणि अशाच पायऱ्यांनी कमाल २० टक्के वाढ करता येते. मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी मालकाने कळवणेही आवश्यक आहे. हे संरक्षण हवे असेल तर एजारी स्वतःच्या नावावर हवी. 'नोंदणी नंतर करू' असे कोणी म्हटले तर तिथून निघावे.

किराण्याचे १,५०० पुरतात, पण सवय लागेपर्यंत नाही. आम्ही तीन घरे मिळून पंधरवड्याला अल अवीरच्या भाजी बाजारातून खोकी आणतो. दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरायचे, टोमॅटो, कांदे, दोडकी यांचे वजनकाट्यावर तीन समान ढीग करायचे आणि नरम पडलेले टोमॅटो त्याच दिवशी साराला वापरायचे. मासळी हवी तर देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटला जातो. खाण्याच्या वस्तूंवरही येथे पाच टक्के व्हॅट आहे, ही गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात येत नाही.

शारजाबद्दल माझे मत तुम्हाला कठोर वाटेल. आमच्या ह्यांना पावणेसहाला घर सोडावे लागे आणि परतायला आठ वाजत. त्या चार वर्षांत धाकट्याने वडिलांना आठवड्यात पाच दिवस झोपेतच पाहिले. ज्या मुलीने खिडकी मोजायला लावली, तिच्यासाठी नऊशे दिरहमच्या बदल्यात हे करू नका. त्यापेक्षा दुबईतच, मेट्रोजवळ, पहिल्या वर्षी स्टुडिओ, म्हणजे एका खोलीचे घर, घ्या. आणि एप्रिलचा हट्ट धरू नका. वहिनींना नोकरी न सोडता महिन्याभरासाठी व्हिजिट व्हिसावर येऊ द्या. येथे लेखापालांना मागणी असते आणि पतीच्या व्हिसावर राहूनही कंपनीने वर्क परमिट काढले की नोकरी करता येते. त्यांच्या दोन-चार मुलाखती झाल्या की तुमच्या तक्त्याला खरा आधार मिळेल.

प्रतिसाद: सागरवाट

अबोलीताईंशी बहुतांशी सहमत आहे, परंतु शारजाबद्दल एक पुस्ती जोडतो. माझी ड्युटी सातची असल्यामुळे मी सकाळी सहाच्या आत दोन्ही गेटे ओलांडतो आणि रात्री एक ते सकाळी सहा या वेळेत सालिक लागत नाही. दुपारी चारच्या आत परतलो तर प्रत्येकी चारच दिरहम लागतात. ज्यांच्या कामाच्या वेळा अशा आहेत त्यांना शारजा परवडते. पाऊलवाट यांनी आपल्या वेळा लिहिलेल्या नाहीत. नऊ ते सहा असतील तर तो विचार सोडून द्यावा. शेवटी मिळणारी ग्रॅच्युइटी मनात धरून आज खर्च करू नये, हेही सांगतो. पहिली पाच वर्षे ती वर्षाला २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकीच असते, म्हणजे तुमच्या बाबतीत ४,५५० दिरहम.

पाऊलवाट

ताई आणि सागरवाट, मनापासून आभार. माझी वेळ साडेआठ ते सहा आहे, त्यामुळे शारजा बाजूला ठेवले. बारा महिन्यांचा तक्ता काल रात्री केला. सप्टेंबरच्या रकान्यात भाड्याचा चेक आणि सत्राची फी खरोखर एकत्र आली आणि उणे १३,७०० असा आकडा निघाला. एचआरने कळवले की पत्नी आणि मुलीचा विमा माझाच मी काढायचा आहे.

पत्नीशी बोलणे झाले. ती फेब्रुवारीत रजा घेऊन महिन्याभरासाठी येईल आणि मुलगी तोपर्यंत आजीकडे राहील. पुण्यातली शाळा आम्ही एप्रिलमध्ये सोडवणार नाही. आता एवढेच विचारायचे आहे की मेट्रोच्या ग्रीन लाइनवर स्टेडियम किंवा अल कुसैस स्थानकाच्या चालत जाण्याच्या अंतरावर, चिलर-फ्री आणि बारा चेकमध्ये मिळणारा स्टुडिओ कोणी अलीकडे घेतला असल्यास त्यांनी इमारतीचे नाव आणि ऑगस्टचे वीजबिल मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. शनिवारी मी पुन्हा त्या भागात घरे पाहायला जाणार आहे.