'अतिवास्तव' म्हणजे वास्तव जास्त झालेलं का?

आवोगादो६ या टोपणनावाने काम करणाऱ्या जपानी चित्रकाराची संगणकावर काढलेली चित्रं भाचीला दाखवत होते. माणूस अगदी साधा, चेहरा शांत, आणि अंगातून फुलं उगवलेली. मी ऐटीत सांगितलं, "याला अतिवास्तव म्हणतात." ती म्हणाली, "मावशी, यात वास्तव कुठे अति झालंय? उलट कमीच आहे की!" दुसरा शब्द आहे का?

— ताई, भाचीचं चुकलं नाही. अतिशहाणा, अतिवृष्टी यांतला 'अति' प्रमाणाबाहेरचा. अतींद्रियमधला ओलांडून पलीकडे जाणारा. इथे हवा दुसरा, पण 'अति तिथे माती' ऐकत वाढलेल्या कानाला पहिलाच ऐकू येतो. मूळ फ्रेंच शब्द 'स्युररेआलिस्म', कवी आपोलिनेरचा, १९१७चा. लेखक ब्रताँने १९२४च्या जाहीरनाम्यात त्याची कलाचळवळ केली. त्यातल्या 'स्युर'चा अर्थ वर, पलीकडे. आणखी घोळ म्हणजे फोटोसारख्या दिसणाऱ्या पेन्सिलचित्रांनाही लोक अतिवास्तवच म्हणतात. अहो, त्यांना 'हुबेहूब' पुरे की!

— जपानी शिकतोय म्हणून सांगतो. त्यांचा ग्रंथातला शब्द 'चोगेन्जित्सु'. 'चो' म्हणजे ओलांडणं, 'गेन्जित्सु' म्हणजे वास्तव. त्या 'चो'चंही आपल्या 'अति'सारखंच झालंय, पोरं 'चो कावाई' म्हणतात, म्हणजे 'लय गोड'! बोलताना मात्र फ्रेंच शब्दाचं शेपूट छाटून नुसतं 'शूरु'. अर्थही सरकलाय. विनोदी प्रवेशात भलतंच काही घडतं, कुणी दखलही घेत नाही, हसावं की नाही कळत नाही, ते शूरु. आवोगादो६च्या चित्रांत हसू नाही, पण तो शांत चेहरा शूरुच.

जाता जाता, त्या टोपणनावाबद्दल: सहाला जपानीत 'रोकु', आणि 'व'चा 'ब' होतो. आबोगादो-रोकु म्हणून पाहा, मध्ये 'आबोगादोरो' सापडेल. म्हणजे जपानी उच्चारातला रसायनशास्त्रातला आवोगाद्रो, ज्याचा अंक ६.०२२नेच सुरू होतो.

— 'परावास्तव' कसा वाटतो?

— नको. पराभव आठवतो.

— 'स्वप्नवत'?

— तो लग्नाच्या हॉलच्या जाहिरातींनी पळवला. शिवाय ही चित्रं स्वप्नासारखी धूसर नाहीत, रेघ न् रेघ स्पष्ट आहे.

— मूळ प्रश्न माझा. घरात तूर्त 'वास्तवापलीकडचं'वर तडजोड झालीय. लांब आहे, पण समजावून सांगावं लागत नाही. 'शूरु' मात्र भाचीने उचललाय. काल पोळीला मधोमध भोक पडलं, तर तेही शूरु.