स्किझोफ्रेनियाचं निदान अजून नुसत्या बोलण्यावरच का?

काजवा:
१९०८ साली डिफेनडॉर्फ आणि डॉज या संशोधकांनी डोळ्यांच्या हालचालींचे फोटो घेऊन दाखवलं, की या मानसिक आजारात हळू सरकणाऱ्या वस्तूबरोबर नजर सलग जात नाही. मागे पडते, मग उडी मारून गाठते. १९७६ मध्ये ईव्ह जॉन्स्टन यांच्या गटाला सीटी स्कॅनवर मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाच्या गटाने नजरेच्या साध्या चाचण्यांवरून ९८ टक्के अचूकतेने रुग्ण ओळखल्याचं सांगितलं. तरी डॉक्टर अजून 'आवाज ऐकू येतात का?' एवढंच विचारणार! मधुमेह असा नुसता विचारून ठरवतात का? नजरेची चाचणी आणि मेंदूचं स्कॅन, दोन्ही तपासण्या सक्तीच्या करा.

निरगाठ:
'सक्तीच्या' वाचून दचकलो. जॉन्स्टन यांचे रुग्ण होते १७, तेही दीर्घकाळ हॉस्पिटलात राहिलेले. पोकळ्या मोठ्या, हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीशी जोडलेला भाग) लहान, हे नंतर मोठ्या अभ्यासांतही दिसलं, मान्य. पण ती गटाची सरासरी. एकट्या माणसाचा एमआरआय हातात घेऊन 'हा रुग्ण' म्हणता येत नाही, इतके दोन्हीकडचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात.
आणि ते ९८ टक्के? निदान आधीच झालेले रुग्ण विरुद्ध निरोगी माणसं. ओपीडीतला पेच वेगळाच: हा स्किझोफ्रेनिया, बायपोलर (टोकाचा उत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार), की नशेचा परिणाम? बायपोलरमध्येही नजर अडखळते. त्यावरच्या लिथियम या औषधाने अडखळते, काही झोपेच्या गोळ्यांनीही.

उत्तरा:
निरगाठ, सगळं औषधांवर ढकलू नका. मानसशास्त्रज्ञ होल्झमन यांनी १९७०च्या दशकातच दाखवलं, की रुग्णांच्या आजार नसलेल्या जवळच्या नातेवाइकांतही नजरेचा हा दोष बराच आढळतो. म्हणजे त्यात आनुवंशिक भाग आहे. संशोधनासाठी सोनंच.
पण काजवा, याच कारणाने तुमची सक्ती मला नको. धडधाकट बहिणीची चाचणी बिघडलेली आली, तर तिला काय सांगायचं?

काजवा:
काही सांगू नका, फक्त लक्ष ठेवा. ठिपका डावीकडे आला की उजवीकडे बघायचं, या चाचणीत रुग्ण वारंवार चुकतात, कारण आपोआप वळणारी नजर आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. असं मोजता येणारं काहीतरी हाती असताना सोडायचं?

निरगाठ:
मोजा की, संशोधनात खुशाल मोजा. आजाराचा पहिला झटका आला की एमआरआयही काढा, पण मेंदूत गाठ किंवा एन्सेफलायटिस (मेंदूची सूज) नाही ना, हे बघायला. माझी भीती वेगळी आहे. रिपोर्टवर 'नॉर्मल' दिसलं की घरचे म्हणतात, याला काही झालेलंच नाही, आणि गोळ्या बंद करतात. तुमच्या सक्तीने असे 'नॉर्मल' रिपोर्ट ढिगाने निघतील. त्याचं काय करणार?