सासूबाईंची बद्धकोष्ठता : शौचाचा अडवलेला वेग पुन्हा येऊ लागतो का?

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या असून सात आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. पूर्वी सकाळचा चहा पोटात गेला की त्यांचे पोट साफ होई. आता चार-चार दिवस होत नाही, आणि होते तेव्हा कुंथून सुपारीएवढे कोरडे खडे पडतात.

सुरुवातीला वेदनेसाठी ट्रामाडॉल होते, त्याने आतडे मंदावते. लोहाच्या गोळ्या अजून चालू आहेत. शाळूची भाकरी सुटून मऊ भात आला, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. तरी मला खरे कारण संकोचाचे वाटते. परवा चहाचा कप खाली ठेवून त्यांनी वॉकरला हात घातला, तेवढ्यात दारात दूधवाला आला आणि त्या पुन्हा खुर्चीत टेकल्या. दुपारी विचारले तर म्हणाल्या, "लागलं होतं गं, आता नाही."

डॉक्टरांनी समजावले ते असे : पोटात अन्न किंवा चहा गेला की मोठे आतडे आपोआप जोराने आकुंचन पावते, मल मलाशयात उतरतो, तिथली भिंत ताणली की वेग येतो आणि गुदद्वाराचा आतला स्नायू आपसूक सैल होतो; बाहेरचा स्नायू मात्र आपल्या ताब्यात असतो. तो आवळून धरला की वेग विरतो, मल अडून राहतो आणि त्यातले पाणी शोषले जाऊन तो अधिकच कडक होतो. असे वारंवार झाले तर मलाशयाला ताणाची सवय होऊन जाणीवच बोथट होते. हे ऐकल्यापासून, त्यांनी हाक मारण्याआधी आपणच विचारायला हवे होते, ही रुखरुख मला लागली आहे.

रक्त पडत नाही, वजन घटलेले नाही, थायरॉईडची तपासणी व्यवस्थित आहे. इसबगोल दिला, पण भरपूर पाण्याशिवाय तो उलट अडतो असे कळल्याने थांबवला. तासगावच्या नणंदेने पाठवलेले बेदाणे भिजवून देते. शेजारच्या काकू एरंडेल सुचवतात, ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही.

उकिडवे बसल्यावर मलाशयाची वाट बरीच सरळ होते, म्हणून कमोडवर पायांखाली पाट ठेवावा असे सांगतात. सांधेबदल झालेल्या कोणी हे केले आहे का, आणि फिजिओथेरपिस्टने गुडघा कितपत वाकवू दिला? वेग येवो न येवो, रोज चहानंतर दहा मिनिटे बसवल्याने कोणाची जाणीव परतली आहे का, आणि त्याला किती दिवस लागले? त्यांच्याच खोलीत पडद्याआड कमोडची खुर्ची ठेवावी असेही मनात आहे. पण त्यांना त्याचे वाईट न वाटता हे कसे सुचवावे?