मदत हवी आहे: आपल्या कोळशाला फ्लुइडाइज्ड बेडचा नेमका फायदा कोणता?

नमस्कार मंडळी,

नाशिकला डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला फ्लुइडाइज्ड बेड कम्बशन घेतलंय आणि एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातल्या २१० मेगावॅटच्या संचांशी तुलना करायची आहे. तिथे कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात, ज्वाळेचं तापमान १३०० अंशांच्या वर जातं. बेडमध्ये खालून हवा सोडून राख-वाळूचा थर उसळता ठेवायचा, त्यात कोळशाचा चुरा ८५० अंशांच्या आसपास जळतो. तापमान कमी, म्हणून हवेतल्या नायट्रोजनचे ऑक्साइड फारसे होत नाहीत. चुनखडी टाकली की गंधकाचा वायू तिथल्या तिथे कॅल्शियम सल्फेट होऊन राखेत बसतो. इथवर कळलं.

पण पुस्तकात सगळा भर चुनखडीवर, आणि आपल्या कोळशात गंधक जेमतेम ०.५ टक्के! एक टन कोळशात ५ किलो गंधक, त्याचा वायू साधारण १० किलो. गरजेच्या दुप्पट चुनखडी धरली तरी ३० किलोच्या आसपास. राख मात्र त्याच टनामागे ३५०-४०० किलो. मग गंधकासाठी एवढा खटाटोप कशाला? गाइड सर म्हणतात, "स्वच्छ ऊर्जा हाच मुद्दा ठेव." मला पटत नाहीये. कुणी प्रत्यक्ष असा बॉयलर चालवलाय का?

प्रतिसाद १
सिन्नर एमआयडीसीत एएफबीसी (थर भट्टीतच उसळता राहतो तो साधा प्रकार) बॉयलरवर काम केलंय. हिशेब बरोबर आहे तुझा. चुनखडीचा खरा उपयोग कच्छसारख्या गंधक जास्त असलेल्या लिग्नाइटला, तिथल्या अक्रिमोटा वीज केंद्राचे १२५ मेगावॅटचे दोन संच सीएफबीसीच (माल भट्टीबाहेर जाऊन परत फिरतो तो प्रकार) आहेत. आपल्याकडचे कारखानदार हा बॉयलर घेतात तो इंधनासाठी. बेडमध्ये जळता कोळसा थोडाच असतो, बाकी सगळी तापलेली राख. म्हणून ४० टक्के राखेचा हलक्या प्रतीचा कोळसा टाकला तरी आग विझत नाही. भाताचं तूसही चालतं. सेमिनार यावर उभा कर.

फक्त बेड ९५० च्या वर जाऊ द्यायचा नाही. राख वितळून क्लिंकर (दगडासारखे गोळे) धरला की बॉयलर बंद करून फोडत बसावं लागतं, आणि ते काम कुणालाच नको असतं. बेडमधल्या नळ्या झिजतात तेही लिही, माहितीपत्रकात ते सापडणार नाही.

प्रतिसाद २
"स्वच्छ" लिहिताना जपून. राख उडतेच, त्यामुळे ईएसपी (विजेच्या भाराने धुरातली राख पकडणारं यंत्र) किंवा बॅग फिल्टर सुटत नाही. कमी तापमानामुळे नायट्रस ऑक्साइड (N₂O, तू वर लिहिलेल्या ऑक्साइडांपेक्षा वेगळा) उलट जास्त निघतो, आणि तो हरितगृह वायू आहे. चुनखडी भाजली की तिच्यातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आणि एकलहऱ्यात नुसते बर्नर काढून बेड बसवता येणार नाही, भट्टीच नवी लागेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार, सर. मग तुलना गंधकाऐवजी राख आणि इंधनावर करतो. एक शेवटचं: एएफबीसीमध्ये हवेचा वेग सेकंदाला १ ते ३ मीटर वाचला, सीएफबीसीमध्ये ४ ते ६. एवढ्या वेगाने माल सायक्लोनमधून (वायूला गरगर फिरवून कण वेगळे करणारं पात्र) परत भट्टीत फिरतो, तर झीज तिथे कुठे जास्त होते, सायक्लोनच्या अस्तरात की भट्टीच्या भिंतीच्या नळ्यांवर?